पुरुमेंत संपतं, माळा संपत नाही

प्रश्न : फोंड्याजवळ आमचं जुनं घर आहे. मी ६१ वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली. घरात आता आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला, मुलगी लग्न होऊन मडगावात. यंदा गणपतीच्या चवथीनंतर कपाट उघडलं तर ११ साड्यांना बुरशी. तिथंच खाली बसून रडले. मग सगळ्याच साड्या मोजल्या, त्या ९४ निघाल्या. माळ्यावर सासूबाईंची तांब्या-पितळेची १७ मोठी भांडी आहेत, मुलांच्या वह्या, मोडके पंखे, जुने कागद आहेत. मुलगा म्हणतो, "सगळं काढून टाक, मोकळं वाटेल." ह्यांना एक खिळा टाकलेला चालत नाही. आणि चवथीला आमच्याकडे ३० माणसं जेवतात, रिकाम्या घरात ते कसं जमायचं? कमी वस्तूंत खरंच समाधान मिळतं का? सुरुवात कुठून करू? मागच्या पडवीत सासूबाईंचा दगडी रगडा आहे, त्याचं काय करू, तेही सांगा.

— एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

समाधानाचं थोडं नंतर बोलू. आधी साड्या, कारण बुरशी कुणासाठी थांबत नाही.

कोरडा, वाऱ्याचा दिवस बघून त्या अकराही साड्या अंगणात न्या. घरात झटकू नका. बुरशीची पूड उडून बाकीच्या कपड्यांवर बसते आणि पुढच्या पावसात तिथं उगवते. नाका-तोंडावर रुमाल बांधा आणि मऊ ब्रशने एकाच दिशेने हलक्या हाताने पूड काढा. साडी कोरडी असतानाच हे करायचं. ओल्या फडक्याने पुसलंत तर बुरशी धाग्यात आत जाते. रेशमी साड्या दिवसभर सावलीत, वाऱ्यावर ठेवा, कारण कडक उन्हात रंग उडतो आणि रेशीम ठिसूळ होतं. सुती साड्यांना तीन-चार तास ऊन द्या आणि मग धुवा. कपडे पांढरे करायचं ब्लीच रेशमाला अजिबात लावायचं नाही, त्याने रेशमाचा धागाच विरघळतो. व्हिनेगरने डाग जातो असं कुणी सांगेल, पण जरीला व्हिनेगर लागलं की ती काळवंडते. ड्रायक्लीनला देताना डाग बुरशीचा आहे हे आधीच सांगा. काळे ठिपके म्हणजे बुरशीने धाग्यात सोडलेला रंग. तो पूर्ण जाईलच असं नाही, तेव्हा दोन-तीन साड्या ठिपक्यांसकट नेसायची किंवा सोडून द्यायची तयारी ठेवा.

कपाट पूर्ण रिकामं करा, आतून स्पिरिटने किंवा पांढऱ्या व्हिनेगरने पुसा आणि एक अख्खा दिवस दार उघडं ठेवा. व्हिनेगर आणि ब्लीच एका बादलीत कधीही घालू नका, विषारी वायू तयार होतो.

आता हे झालं कशामुळे ते बघू. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असणं नेहमीचंच. बुरशीला साधारण ७० टक्क्यांच्या पुढची दमट आणि हलत नसलेली हवा लागते. दमट हवा देवाने दिली, तिला इलाज नाही. हलत नसलेली हवा मात्र आपण स्वतः करतो. ९४ साड्या एका कपाटात म्हणजे वीट रचल्यासारख्या. त्यात कपाट बहुधा लोखंडी, आणि तुमचं घर जुनं चिऱ्याचं असेल तर ते बहुधा बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं. चिरा पावसात पाणी धरतो, भिंत गार पडते, कपाटाची पाठ घामेजते. वर बहुतेक घरांत असते तशी प्रत्येक साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हणजे भरताना जो ओलावा होता तो आतच कोंडलेला.

म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं, म्हणजे ८ सेंटिमीटर, पुढे ओढा. प्लॅस्टिक काढून मलमलीत किंवा जुन्या धुतलेल्या धोतरात साड्या गुंडाळा. आणि कपाट पाऊणच भरा. साड्यांच्या थरात हात सहज गेला पाहिजे. कोरड्या पुड्या, म्हणजे सिलिका जेल, उघड्या-मिटत्या कपाटात ठेवून फायदा नाही. दोन दिवसांत त्या हवेतलं पाणी पिऊन बसतात. घट्ट झाकणाच्या डब्यात मात्र कामाच्या आहेत. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती गरम होणाऱ्या तारेच्या बल्बची होती. एलईडीला पुरेशी ऊब नसते आणि तारेच्या बल्बला साडी टेकली तर आग लागते. आम्ही ती सुचवत नाही.

या सगळ्या उपायांत ज्याला पैसे पडत नाहीत आणि जो सगळ्यात जास्त चालतो, तो म्हणजे पाऊण कपाट. म्हणजे तुमचा मूळ प्रश्न इथंच येऊन ठेपला.

मुलगा म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात त्याने गोव्याचा पाऊस आणि तुमची चवथ धरलेली नाही. 'पाच जोड कपड्यांत जगा' असल्या याद्या कोरड्या हवेच्या गावांसाठी असतात. आपल्याकडे जुलैत धुतलेला कपडा वाळायला दोन-तीन दिवस घेतो. रोज एक सुती साडी किंवा ड्रेस लागत असेल तर एक अंगावर, एक धुण्यात, तीन दोरीवर आणि दोन हाताशी, असे सात हवेतच. संततधार लागली तर आणखी दोन. म्हणजे नऊ-दहा. हा पावसाचा हिशेब आहे, त्याला हौस म्हणू नका. कमी कपड्यांत भागवायचं तर जाड टर्किश टॉवेल आधी घराबाहेर काढा आणि पातळ पंचे ठेवा. पंचा एका दुपारी पंख्याखाली वाळतो. टॉवेल तिसऱ्या दिवशी वास मारायला लागतो, म्हणून आपण चार जास्त टॉवेल घेतो, आणि मग तेही वास मारतात.

रेशमी साड्यांचा हिशेब वेगळा. चवथ, दसरा, दिवाळी, गावची जत्रा, एक-दोन हळदीकुंकू, तीन-चार लग्नं-मुंजी. वर्षाला फार तर १५ प्रसंग. दोन वर्षांत एकही साडी दुसऱ्यांदा नेसायची नाही असं ठरवलं तरी ३० पुरतात. तुमच्या ९४ मध्ये रेशमी किती आहेत ते लिहिलेलं नाही, पण ३० पेक्षा जास्त असतील असा आमचा अंदाज आहे.

आता एक गोष्ट सासूबाईंच्याच काळातली घ्या. मे महिन्यात त्या पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरत होत्या, तुम्हीही भरत असाल. शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आला म्हणतात, पण मराठी कानाला त्यात 'पुरे' ऐकू येतं. उकडे तांदूळ, हरमलची नाही तर खोल्याची मिरची, भिंडांची सोलं (आमसुलं), चिंच, सुके बांगडे, सुंगटं, कांद्यांच्या माळा. घर सामानाने गच्च भरायचं आणि तरी त्याची कुणाला अडगळ वाटत नव्हती, कारण पुरुमेंतात तीन गोष्टी आधीच ठरलेल्या असायच्या: किती, कोणासाठी आणि कधीपर्यंत. चार माणसं, चार महिने, चवथीपर्यंत किंवा फार तर दसऱ्यापर्यंत. ऑक्टोबरात मडकी रिकामी, धुऊन पालथी. माळ्यावरच्या वस्तूंना हे तीन प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात. म्हणून तो भरत जातो.

तुम्ही प्रत्येक वस्तूला हेच तीन प्रश्न विचारायचे आहेत. 'ही वस्तू मला आनंद देते का' असं विचारू नका. सासूबाईंच्या घंगाळाकडे बघून काय वाटतं त्याचं उत्तर सकाळी एक येईल आणि संध्याकाळी दुसरं.

कधी सुरू करायचं? दिवाळीनंतर. चवथीआधीची साफसफाई आपण भर पावसात करतो, त्यामुळे वस्तू जागा बदलतात, घराबाहेर काही जात नाही. बाहेर ठेवायला कोरडी जागा नसते आणि गणपती दाराशी आलेला असतो. आपल्याकडे हवा सगळ्यात कोरडी डिसेंबर ते फेब्रुवारी. दिवाळी ते शिगमो (होळी) हा तुमचा हंगाम समजा. आठवड्याला दोन वेळा, प्रत्येक वेळी ४५ मिनिटं, घड्याळ लावून. एका वेळी एक फळी किंवा एक पेटी. रविवारभर अख्खी खोली उपसायला घेतली की दुपारी तीनला सगळं पलंगावर असतं, कंबर गेलेली असते आणि रात्री झोपायला जागा हवी म्हणून जे जिथलं ते तिथंच कोंबलं जातं. बहुतेक घरांत हे काम इथंच मोडतं.

दुसरी चूक म्हणजे सुरुवातीलाच नवे प्लॅस्टिकचे डबे आणि खोकी विकत आणणं. डबे आले की ते भरायला सामान सापडतंच. शिगम्यापर्यंत एकही डबा आणू नका.

पहिले चार आठवडे आठवणींच्या वस्तूंना हात लावायचा नाही. मिठाईचे आणि आइस्क्रीमचे डबे, झाकण हरवलेल्या बरण्या, पिशव्यांची पिशवी, कुणाचे ते माहीत नसलेले चार्जर, मुदत गेलेली औषधं, मोडके पंखे. इथं हात सरावतो. सुका कचरा धुऊन, वाळवून पंचायतीच्या गाडीला द्या. पंखे, चार्जर, मिक्सर, बॅटऱ्या वेगळ्या बांधा आणि ई-कचऱ्याचं संकलन कधी असतं ते पंचायतीत विचारा. त्या साध्या भंगारात घालू नका. औषधं संडासात ओतू नका. गावातल्या घरांत सेप्टिक टँक आणि विहीर एकाच आवारात असते, ती औषधं पुन्हा तुमच्याच पाण्याकडे जायची वाट शोधतात. आणि परसात पानांच्या ढिगाबरोबर प्लॅस्टिक जाळायची जी सवय आपल्या गावांत आहे, ती या निमित्ताने तरी नको. तो धूर विषारी असतो.

कपड्यांना मोजणी आपोआप होईल अशी सोय करा. दिवाळीपासून नेसलेली साडी धुऊन, इस्त्री करून नेहमी उजव्या टोकाला ठेवायची. बाकी काही करायचं नाही. पुढच्या दिवाळीला डावीकडे ज्या साड्या जमलेल्या असतील त्या वर्षभर नेसलेल्या नाहीत. त्यातल्या पाच-सात ठेवा, कारण लग्नाचा शालू दरवर्षी नेसायचा नसतो. बाकीच्या द्या. द्यायच्या म्हणजे आधी विचारून द्यायच्या. आश्रमात न विचारता पोती नेऊन ठेवली की त्यांचा माळा भरतो. विरलेल्या सुती साड्यांची गोधडी होते, चार साड्यांत एक. पण गोधडीसाठी म्हणून २० साड्या राखून ठेवू नका. चार काढा, गोधडी शिवून घ्या, मग पुढच्या चार.

ज्या ठेवाल त्या रेशमी साड्यांची घडी दर चार महिन्यांनी बदला, नाहीतर जरीचा धागा घडीवरच तुटतो. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडात बांधून, साडीला न लागतील अशा. घरात लहान मूल येत असेल तर अजिबात नकोत.

आता माळ्यावरची १७ भांडी. इथं घाई केली तर नुकसान ठरलेलंच, पैशांचं आणि मनाचंही.

आधी चवथीचा हिशेब करू, कारण त्या हिशेबापायीच ही भांडी अडकून आहेत. ३० माणसांना भाताला साडेतीन किलो तांदूळ पुरतो. त्याला २० लिटरचा एक टोप. खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण, माणशी २०० मिलिलिटर धरलं तर ६ लिटर, त्याला १० लिटरचं भांडं. मणगणं, म्हणजे चणाडाळीची खीर, माणशी १५० मिलिलिटर, म्हणजे साडेचार लिटर, त्याला ७ लिटरचं. पातोळ्या वाफवायला एक. चार भांड्यांत चवथ पार पडते, पाचवं वरणाला किंवा सोलकढीला धरा. पानं केळीची, ती परसातूनच येतात. तीसच्या जागी चाळीस झाले तर मंडपवाल्याकडे टोप भाड्याने मिळतो, किंवा वाड्यावरच्या शेजारणीचा आणायचा. पूर्वी लग्नकार्याला वाड्यावरची भांडी एकमेकांकडे फिरत होती. प्रत्येक घराने आपापला हंडा घ्यायची रीत नंतरची.

बाकीची १२ भांडी माळ्यावरून एका वेळी दोन अशी खाली आणा. कल्हई उडून आतून लाल किंवा पिवळा धातू दिसत असेल तर त्यात चिंच, सोलं, टोमॅटो, ताक असलं काही शिजवायचं किंवा ठेवायचं नाही. आंबटात तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. स्वयंपाकाला ठेवायच्या भांड्यांना कल्हई करून घ्या. कल्हईवाले आता क्वचितच भेटतात, म्हणून पाच भांडी एकदम काढा. न्हाणीतलं पाणी तापवायचं भाण रोज पेटत असेल तर ते तिथंच राहू दे.

मग तीन ढीग करा. वापरात येणारी, मुलांना हवी असलेली आणि विकायची. मुलीला आणि मुलाला फोटो पाठवा आणि तारीख द्या: "संक्रांतीपर्यंत सांगा." तारीख नसली की उत्तर येतं, "असू दे गं तिथंच." म्हणजे त्यांच्या वस्तूंची भांडारपाल तुम्ही. हवं म्हणाले की पुढच्या फेरीला गाडीतून न्यायचं, हेही तेव्हाच ठरवा.

विकायची भांडी दारावर येणाऱ्या, पितळेच्या बदल्यात स्टील नाही तर प्लॅस्टिक देणाऱ्याला देऊ नका. आधी घरी वजन करा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा ५० किलोपर्यंत घेतो आणि स्वस्तात मिळतो. धातू ओळखा. तांबं तांबूस, पितळ पिवळं, काशाचं भांडं वाजवलं तर नाद लांबत जातो. काशाला पितळेपेक्षा जास्त भाव असतो आणि भंगारात ते पितळ म्हणूनच मोजलं जातं. लोहचुंबक चिकटला तर आतलं लोखंड आहे, वर नुसता मुलामा. दोन ठिकाणी त्या दिवसाचा भाव विचारा, मग वजनाने गुणा. कोरीवकाम असलेलं, फार जुनं किंवा ठशांचं भांडं मोडीत घालण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. नांगर, जू, मापं अशी शेतीची अवजारं माळ्यावर निघाली तर सरपणात घालू नका. बाणावलीच्या गोवा चित्र संग्रहालयात अशाच वस्तू जपलेल्या आहेत. त्यांना किंवा गावच्या शाळेला एकदा विचारून बघायला काय जातं?

आणि एक महत्त्वाचं. हे घर किंवा घरातलं सामान दीर-नणंदांत वाटून झालेलं नसेल तर ती भांडी तुमच्या एकटीची नाहीत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा चालत आला आहे. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, आणि वारसाहक्काचा २०१२ चा राज्याचा कायदाही वारसांचा निम्मा वाटा राखून ठेवतो. कोर्टापर्यंत कुणी घंगाळ नेत नाही हे खरं, पण 'वहिनीनं आईची भांडी विकली' हे वाक्य २० वर्षं टिकतं. ह्यांना आणि दीर-नणंदांना आधी सांगा.

जुन्या कागदांचं तर विशेष सांगतो. पोर्तुगीजमधला कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नका. त्यात मात्रिजचे (घर-जमिनीच्या जुन्या कर-नोंदवहीचे) दाखले, इन्व्हेंटारियोचे (वारसांतल्या वाटणीचे) कागद, जुने करार असू शकतात. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, मृत्यूचे दाखले हे सगळं एका जागी ठेवा. पोर्तुगीज जाणणाऱ्या नोटरीला किंवा वकिलाला दाखवेपर्यंत एकही चिटोरं घराबाहेर नको. ठेवायचे कसे? जमिनीवर किंवा भिंतीला लावून नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात तर मुळीच नाही, वाळवीला पुठ्ठा म्हणजे पंगत. जानेवारीतल्या कोरड्या दुपारी घरातल्याच एखाद्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेल घालून भरा, आणि डबा जमिनीपासून निदान दोन फूट उंच ठेवा. त्याआधी मोबाइलवर फोटो काढून मुलांना पाठवा. जुनी मराठी नियतकालिकं, हस्तलिखितं निघाली तर पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी करा. ते १८३२ पासूनचं आहे, जुन्या कागदांची किंमत तिथं कळते. मुलांच्या वह्या मात्र दोन-दोन ठेवा आणि बाकीच्या रद्दीत द्या. त्या मुलांनाही नको आहेत, विचारून बघा.

ह्यांच्या खिळ्यांविषयी. त्यांच्या वस्तूंना तुम्ही हात लावू नका, ते घरात नसताना तर नाहीच. एकदा न सांगता काही टाकलंत की पुढची दहा वर्षं ते प्रत्येक पिशवी तपासतील. त्यांना एक कपाट किंवा माळ्याचा एक कोपरा पूर्ण द्या, त्यात काय ठेवायचं ते त्यांनीच ठरवायचं. अट एकच: त्या जागेच्या बाहेर सांडायचं नाही. 'कधीतरी लागेल' याला उत्तर म्हणून एक माप दोघांनी मिळून ठरवा. फोंड्याच्या बाजारात तासाभरात, २०० रुपयांच्या आत मिळणारी वस्तू घरात साठवायची नाही. ती दुकानात साठवलेली आहे असं समजायचं. याला पावसाळ्याचा अपवाद आहे. टॉर्च, मेणबत्त्या, ताडपत्री, दोरी, फ्यूजची तार, कौलं बसवायचं सामान घरातच हवं, कारण झाड पडून रस्ता बंद झाल्यावर २०० रुपयांचा काही उपयोग नाही. उघडलेले रंगाचे डबे ते दाखवतील. झाकण काढून बघा म्हणावं. साय धरून खाली दगड झालेला असेल किंवा वास फिरला असेल तर तो रंग गेला. निवृत्त माणसाला त्याचं सामान म्हणजे 'मी अजून कामाचा आहे' याचा पुरावा वाटतो, हेही ध्यानात असू द्या. मोडका स्टूल त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. दुरुस्त झाला तर वापरात येईल, नाही झाला तर तेच म्हणतील, टाक.

घर हलकं झालं की दार सांभाळायला हवं. संक्रांतीचं वाण, लग्नातली स्टीलची वाटी, ओटीचे ब्लाउजपीस, देवळाच्या कार्यक्रमातली शाल हे थांबत नाही आणि 'नको' म्हणणं आपल्याकडे बरं दिसत नाही. घ्या, पण ब्लाउजपीस महिन्याच्या आत पुढच्या ओटीत गेला पाहिजे. तुम्ही स्वतः वाण देताना गूळ, सोलं, नारळ, उकडे तांदूळ असं संपणारं द्या. दोन-तीन संक्रांतींत तुमच्याकडेही तसंच यायला लागेल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नाही तर मोबाइलवर काही आवडलं तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला नाव लिहा आणि ३० दिवस थांबा. महिन्याने पान उलटताना ती वस्तू काय होती तेच बहुतेक वेळा आठवत नाही.

पुरुमेंतही पूर्वीच्या मापाने भरू नका. दुकानं आता पावसातही उघडी असतात. दोघांना दिवसाला ४०० ग्रॅम उकडा तांदूळ म्हटलं तरी महिन्याला १२ किलो. महिन्याचा घरात असला की पुरे. ५० किलो भरलात तर सप्टेंबरात त्याला किडे होतील. सोलं, मिरची, चिंच मात्र वर्षाची घ्या, मेनंतर तशी मिळत नाहीत.

आणि समाधान? पहिल्या आठवड्यात मोकळं वाटेल, फार छान वाटेल. त्यावर विसंबू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रिकामी फळी डोळ्याला खुपायला लागते आणि हात बाजाराकडे जातो. बरीच घरं वर्षभरात पुन्हा भरतात ती अशीच. टिकतो तो वेळ. तुम्हीच गणित करा. ९४ साड्या वर्षातून दोनदा वाऱ्यावर घालायच्या, घड्या बदलायच्या, प्रत्येकीला १० मिनिटं. ३१ तास झाले. १७ भांडी चवथीआधी चिंचेने नाही तर बिमलीने घासायची, १५ मिनिटांना एक, आणखी सव्वाचार तास. वर्षाचे ३५ तास तुम्ही न वापरलेल्या वस्तूंची सेवा करता, तीही कंबर धरून. साड्या ४० आणि भांडी पाच राहिली तर त्यातले २० तास मोकळे होतात. ते कशात घालायचे ते आधी ठरवा, दिवाळीआधीच. वसरीतल्या सोप्यावर संध्याकाळी दोघांनी बसणं, परसात अळू-वाल लावणं, वाड्यावरच्या मुलांना शिकवणं, काहीही. हे न ठरवता रिकामी केलेली घरं आधी ओकीबोकी वाटतात आणि मग भरतात. तुम्ही त्या दिवशी रडलात ते आमच्या मते ११ साड्यांसाठी नव्हतं. इतकं जपूनही काही जपलं गेलं नाही, याचं ते रडू होतं. जपायच्या वस्तू कमी असतील तर जपणं हातात राहतं. आमचा अनुभव इतकाच सांगतो.

सासूबाईंची भांडी काढताना त्यांनाच घराबाहेर काढल्यासारखं वाटेल. त्या सतरांमध्ये सगळ्यात जास्त झिजलेलं भांडं शोधा. काठ पातळ झालेला, कडी एका बाजूला घासलेली, असं. त्यांचा हात ज्याला रोज लागत होता ते ते. ते खाली आणा आणि रोजच्या पाण्याला घ्या. बाकीची त्यांनीसुद्धा माळ्यावरच ठेवली होती.

रगडा राहू द्या. त्याला बुरशी लागत नाही, वाळवी तोंड लावत नाही, आणि तो हलवायला चार माणसं बोलावलीत तर त्यांच्या चहा-भज्यांचं सामान आणावं लागेल. वर्षातून एकदा पातोळ्यांचं पीठ त्यावर वाटून बघा, मिक्सरपेक्षा मऊ येतं.